मध्येच बोलणारे यंत्र



एरंडोलहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांनी सांगितले आणि शेजारच्या मुलीने लिहून दिले, असे पत्राच्या शेवटी नमूद आहे. ताई शेतमजुरी करतात. त्यांचा मुलगा जन्मापासून पाहू शकत नाही. तो बारावी झाला, संगणक शिकला. आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ. घरच्यांनी पै-पै जमवून त्याला जुना लॅपटॉप घेऊन दिला आणि त्यावर तो जाहिराती भरून देऊ लागला. रिक्षावर भोंगा लावून गावभर वाजवतात त्या जाहिराती. कधी कपड्यांचा सेल, कधी नवा दवाखाना, कधी क्रिकेटचे सामने, कधी विहारातल्या वर्षावासाच्या प्रवचनाची सूचना. एरंडोलबरोबर कासोदा, धरणगाव, पारोळा इथूनही कामे येऊ लागली.

मग एके दिवशी एका दुकानदाराची जाहिरात भर चौकात वाजली आणि "भव्य सवलत" या शब्दांच्या पाठोपाठ पत्र्यासारख्या आवाजात संगणकच बोलला, की बॅटरी उतरत आली आहे. लोक हसले. दुकानदाराने पैसे दिले नाहीत. घरातल्या डोळस भाच्याने उपाय म्हणून संगणकाचा तो बोलणारा आवाजच बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी मुलाने अर्धा तास घसा कोरडा करून दोन जाहिराती वाचल्या आणि नंतर कळले की काहीच भरले गेले नव्हते. आता नातेवाईक म्हणतात, हे आंधळ्या माणसाचे काम नाही. ताईंनी अहिराणीत एकच ओळ विचारली आहे: "यंत्र मधमाच बोलस, त्याले काय करानं?"

ताई, काम त्याचेच आहे आणि ते त्याला जमते आहे, हे आधी नातेवाइकांना सांगा. जगभर कितीतरी दृष्टिहीन माणसे आवाज भरण्याच्या आणि जोडण्याच्या कामावर पोट भरतात. तुमच्या मुलाला जी अडचण आली ती त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी आलेली असते. ती यंत्राच्या मांडणीची अडचण आहे, मुलाच्या डोळ्यांची नाही.

ज्या घरांत असा संगणक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पडद्यावर जे लिहिलेले दिसते ते मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. कोणती कळ दाबली, कोणती खिडकी उघडली, कुठे काय लिहिले आहे, सगळे ते बोलून सांगते. त्यांतले जॉज विकत मिळते आणि महाग आहे. दुसरे एनव्हीडीए फुकट मिळते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने ते २००६ साली लिहायला घेतले आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. पैशावाचून अंध माणसाचा संगणक अडू नये, हा त्यांचा हेतू होता. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. वाचतो ठणठणीत, गोडवा काही नाही, पण कळते. आवाज भरायला आणि कापायला-जोडायला ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर आहे. तेही २००० सालापासून फुकट मिळते. या मुलाकडे हीच जोडी आहे. गरिबाच्या घरी हीच जोडी असते आणि ती चांगली आहे. चोरीचे महागडे सॉफ्टवेअर कोणी घालून देतो म्हणाला तर नको म्हणावे.

आता तंट्याचे मूळ बघू. स्क्रीन रीडरही आवाज काढतो आणि संपादनाचे सॉफ्टवेअरही आवाज काढते. लॅपटॉपमध्ये साउंड कार्ड मात्र एकच असते. दोघे एकाच वाटेने ये-जा करतात आणि तिथे धक्काबुक्की होते. भाच्याने त्यातल्या एकालाच गप्प केले. डोळस माणसाला हा उपाय पहिल्यांदा सुचतो, कारण त्याला तो आवाज म्हणजे कटकट वाटते. अंध मुलासाठी तो आवाज म्हणजे खोलीतला दिवा आहे. दिवा मालवून काम करायला लावले आणि काम बिघडले तर दोष कोणाचा? म्हणून भाच्याला आमचे सांगणे एवढेच, की आवाज बंद करू नकोस, त्याला वेगळी वाट काढून दे.

त्याआधी तो आवाज खरोखर जाहिरातीत उतरला आहे का, हे तपासावे. पुष्कळदा भरलेले ऐकताना स्क्रीन रीडर वरून बोलत असतो आणि आपल्याला वाटते की तो आतच भरला गेला. भरलेली फाइल मोबाइलवर घ्यावी आणि तिथे ऐकावी. मोबाइलवर यंत्राचा आवाज आला नाही तर भरणे ठीक आहे, फक्त ऐकताना दोन आवाज एकावर एक पडत होते. ताईंच्या बाबतीत भोंग्यावरच वाजले, म्हणजे तो आत उतरला हे नक्की.

उतरला तर कुठून? दारे दोनच आहेत. पहिले दार हवेतून. लॅपटॉपचा स्पीकर बोलतो, समोरचा माइक ते ऐकतो आणि भरून घेतो. दुसरे दार संगणकाच्या पोटातून. विंडोजमध्ये काही यंत्रांवर 'स्टिरिओ मिक्स' नावाचे भरण्याचे साधन असते, आणि ऑडॅसिटीत 'विंडोज वासापी' निवडले की यादीत 'लूपबॅक' असे लिहिलेली साधनेही दिसतात. या दोन्हींचा अर्थ एकच: संगणक जे काही वाजवतो ते सगळे भरा. गाणे वाजवले तर गाणे, स्क्रीन रीडर बोलला तर तोही. ही साधने चुकून निवडली गेली असतील तर माइक कितीही दूर ठेवा, यंत्र मध्ये बोलणारच.

कोणते दार उघडे आहे ते ओळखायला दोन मिनिटे पुरतात. कानात वायरचे इयरफोन घालावेत म्हणजे स्पीकर गप्प होतो, आणि मग थोडे भरून बघावे. यंत्राचा आवाज गेला तर दार हवेचे होते. तरीही आला तर दार आतले आहे. तेव्हा ऑडॅसिटीत शिफ्ट व आय दाबून भरण्याचे साधन तपासावे आणि जिथे खरा माइक लिहिला आहे तेच निवडावे. शिफ्ट व ओ दाबले की ऐकण्याचे साधन निवडता येते. हे सगळे कळांनी होते, माऊस लागत नाही.

ब्लूटूथचे बिनवायरचे हेडफोन या कामाला घेऊ नयेत. त्यांचा माइक चालू झाला की ते फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातात, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, आणि स्क्रीन रीडर कधी त्यात तर कधी स्पीकरवर उडी मारतो. शिवाय कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. बाजारातले साधे वायरचे इयरफोन या कामात त्यांच्यापेक्षा सरस.

इयरफोन घातले की यंत्राचा आवाज मुलाच्या कानात राहतो आणि माइकपर्यंत जात नाही. जाहिरातीच्या कामाला एवढे पुष्कळ झाले. तरी वाचताना कानात कोणी बोलू लागले की माणूस अडखळतो. म्हणून भरताना स्क्रीन रीडरला कमी बोलायला सांगावे. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट व एस दाबत गेले की बोलण्याच्या पद्धती एकामागून एक बदलतात. नव्या आवृत्त्यांत, २०२४ पासून, त्यात एक पद्धत अशीही आहे की विचारले तरच तो बोलतो, एरवी गप्प. भरण्याच्या कामाला तीच उत्तम. इन्सर्ट व वरच्या ओळीतला २ दाबला की टाइप केलेले प्रत्येक अक्षर बोलणे थांबते, आणि ३ ने शब्द बोलणे थांबते. लॅपटॉपवर कोणी इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक ठरवली असेल तर ती वापरावी.

इन्सर्ट, शिफ्ट व एस ही कळ मात्र जपून दाबावी. त्या खिडकीपुरता स्क्रीन रीडर पूर्ण झोपतो. नवख्याला वाटते यंत्र मेले. तीच कळ पुन्हा दाबली की तो जागा होतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी संगणक दुरुस्तीला नेले जातात आणि दुकानदार शंभर रुपये घेऊन तीच कळ दाबतो.

बॅटरीच्या सूचनेचा उपाय तर अगदी साधा. भरायला बसण्याआधी चार्जर लावावा आणि विंडोजमधले 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करावे म्हणजे सूचना दाबून ठेवल्या जातात. नेट बंद केले तर अधिकच बरे.

आता भाच्याच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. आवाज बंद असल्यामुळे भरणे सुरू झाले की नाही हे मुलाला कळले नाही. यात आणखी एक शक्यता आहे. विंडोजच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला माइक वापरू देण्याची परवानगी असते. ती बंद असेल तर भरण्यात नुसती शांतता येते. ती एकदा डोळस माणसाबरोबर बसून तपासावी. आणि रोजची सवय अशी लावावी की आधी पाच सेकंद काहीतरी बोलून भरावे, स्पेस दाबून थांबवावे, ऐकावे, मगच खरे काम सुरू करावे. पाणी भरण्याआधी हंडा गळतो का ते आपण बघतोच.

उलटी तक्रारही असते. संपादनाचे सॉफ्टवेअर उघडले की स्क्रीन रीडर एकदम मुका होतो. ही तक्रार आमच्याकडे पूर्वीही आली आहे. विंडोजमध्ये अशी एक मुभा आहे की एखादे सॉफ्टवेअर साउंड कार्ड एकट्यासाठी अडवून ठेवू शकते. एसटीत एकाने अख्ख्या बाकावर पिशव्या मांडून बसावे, तसे. मग दुसऱ्याला जागाच उरत नाही. अशा वेळी घाबरून बटन दाबून संगणक बंद करू नये. ऑल्ट व एफ ४ ने ती खिडकी बंद करावी, आवाज परत येतो. न आला तर कंट्रोल, ऑल्ट व एन दाबले की एनव्हीडीए नव्याने सुरू होतो. मग मुभाच काढून टाकावी. विंडोज व आर दाबावे, एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल अशी अक्षरे टाइप करून एंटर द्यावे. आवाजाच्या साधनांची यादी उघडते. त्यातल्या साधनाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' पानावर एकट्याने ताबा घेऊ देण्याचा चौकोन असतो, त्याची खूण काढावी.

त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचे पान आहे. तिथे विंडोजने असे ठरवून ठेवलेले असते की बोलणे सुरू झाल्याचा अंदाज आला तर बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे. तिथे 'डू नथिंग' निवडावे. एनव्हीडीएचीही अशीच एक सोय आहे, ऑडिओ डकिंग. यात तो बोलू लागला की मागचे गाणे आपोआप दबते. चित्रपट बघताना ती बरी. जाहिरातीमागे ढोलकी-पेटीचा तुकडा जोडताना मात्र ती घात करते. संगीत दबल्याचे ऐकून मुलगा ते वाढवतो, पुन्हा दबते, पुन्हा वाढवतो, आणि भोंग्यावर वाजते तेव्हा निवेदकाचा शब्दही ऐकू येत नाही. इन्सर्ट, शिफ्ट व डी दाबून डकिंग बंद करावे. आवाजाचे माप ठरवण्याच्या कामात या दोन सोयी बंदच हव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आवाज तडतडत असेल, स्क्रीन रीडर अडखळत असेल किंवा ऑडॅसिटी साधन उघडत नाही म्हणून कुरकुरत असेल तर माप जुळते का ते पाहावे. एका सेकंदात आवाजाचे किती नमुने घ्यायचे याचे ते माप. कुठे ४४१०० असते, कुठे ४८०००. माइक, ऐकण्याचे साधन आणि ऑडॅसिटी या तिन्ही ठिकाणी एकच माप ठेवले की बहुतेक तडतड जाते. जुन्या लॅपटॉपवर बाकीच्या खिडक्या बंद ठेवाव्यात हे वेगळे सांगायला नको.

संगीत जोडण्याचे काम वाढले तर युएसबीचे छोटे साउंड कार्ड घ्यावे. काही शे रुपयांत मिळते. मग ऑडॅसिटीचा आवाज त्या कार्डातून इयरफोनमध्ये आणि स्क्रीन रीडरचा लॅपटॉपच्या स्पीकरमधून हळू, अशी वाटणी करता येते. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ' विभागात आवाज कुठून काढायचा ते निवडता येते, जुन्या आवृत्तीत तेच आवाज निवडण्याच्या खिडकीत असते. संपादन करताना ही वाटणी फार सोयीची. भरताना मात्र ती मोडावी लागते. नाहीतर स्पीकरमधला आवाज पुन्हा हवेच्या दाराने माइकमध्ये शिरेल आणि नवे कार्ड घेऊनही जुनेच दुखणे परत येईल. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला जड वाटत असतील तर कार्ड घेण्याची घाई करू नये.

एकदा मिसळलेला आवाज बाहेर काढता येत नाही. ऑडॅसिटीत पंख्याची घरघर कमी करण्याची सोय आहे, पण ती एकसारख्या आवाजावर चालते. बोललेले शब्द तिने पुसले जात नाहीत, पुसायला गेले तर आपलाच आवाज विद्रूप होतो. तेवढे वाक्य पुन्हा भरावे. वाजत असताना चौकोनी कंसाच्या डाव्या कळेने सुरुवात आणि उजव्या कळेने शेवट खुणावता येतो. सी दाबले की तो तुकडा कापला तर कसे लागेल ते ऐकू येते. पटले तर डिलीट, चुकले तर कंट्रोल व झेड. हे सगळे कानाने होणारे काम आहे आणि तिथे अंध मुलाचा कान डोळस माणसाच्या पुढे जाऊ शकतो. आम्ही डोळस लोक पडद्यावरच्या नागमोडी रेषेकडे बघत बसतो आणि ऐकायचे राहून जाते.

पत्रात आणखी एक ओळ आहे. विहारात मुलांना ऐकवण्यासाठी बाबासाहेबांचे लेखन वाचून भरावे असे मुलाच्या मनात आहे, ते चालेल का? बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार १ जानेवारी २०१७ पासून संपला आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे तो चालतो आणि महापरिनिर्वाण १९५६ सालचे. ते मूळ लेखन कोणीही वाचून भरावे. मराठी भाषांतर मात्र ज्याचे असेल त्याचा हक्क वेगळा असतो, तेव्हा भाषांतरकाराचे नाव आणि साल बघून घ्यावे. दृष्टिहीनांसाठी तर मार्ग आणखी मोकळा आहे. २०१२ साली प्रताधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक ऐकण्याजोगे करून देण्याची मुभा मिळाली, अट इतकीच की त्यावर नफा कमवू नये. याच हेतूचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली माराकेश येथे झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

लांब वाचनासाठी ऑडॅसिटीत एक फार उपयोगी गोष्ट आहे, २०१८ पासून. वाचताना चूक झाली की थांबावे, चुकीच्या आधी येऊन शिफ्ट व डी दाबावे. मागची पाच सेकंदे कानात वाजतात आणि तिथूनच पुढे भरणे सुरू होते. पुढे कापाकापी उरत नाही. ही पाच सेकंदे ऐकताना इयरफोन हवेतच, नाहीतर तीही माइकमध्ये जातील. मुलाने एकेक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे आणि रोज दुसऱ्या ठिकाणी, पेनड्राइव्हवर, एक प्रत काढावी. जुन्या लॅपटॉपचा भरवसा धरू नये.

त्या दुकानदाराकडे ताईंनी स्वतः जावे असे आम्हांला वाटत नाही. मुलाने जावे, शुद्ध केलेली जाहिरात मोबाइलवर ऐकवावी आणि ठरलेले पैसे मागावेत. भाचा सोबत असला तरी बोलणे मुलाने करावे.

इतर ज्या घरांत असा प्रश्न असेल त्यांनी आम्हांला लिहिताना एवढे जरूर कळवावे: विंडोज कोणते, स्क्रीन रीडर कोणता व कोणत्या आवृत्तीचा, माइक वायरचा की युएसबीचा, इयरफोन घातल्यावर काय होते, आणि भरलेली फाइल मोबाइलवर ऐकली का. यातली शेवटची दोन उत्तरे नसतील तर आधी तेवढे करून बघावे आणि मगच पत्र टाकावे.